न्हावा-शेव्याचा क्लिअरिंग एजंट: कामाला पैकीच्या पैकी, बिलाला नाही

२०२४च्या हंगामात आमच्या शेतकरी गटाने दिंडोरीहून द्राक्षांचे तीन रीफर (माल थंड ठेवणारे) कंटेनर रॉटरडॅमला पाठवले. बंदरातलं काम उरणकडच्या एका नव्या एजंटाला दिलं होतं. पुढे तक्रार आहे, म्हणून नाव लिहीत नाही.

आधी चांगलं सांगतो. पहिलीच गाडी कसारा उतरून भिवंडी बायपासला अडकली. आत साडेतेरा टन थॉमसन द्राक्षं आणि जेनसेटचं, म्हणजे कंटेनर थंड ठेवणाऱ्या जनरेटरचं, डिझेल संपत आलेलं. रात्री पावणेदोनला फोन केला, तर एजंटाकडे कामाला असलेल्या पोराने दुसऱ्या रिंगला उचलला. "काका, ड्रायव्हरचा नंबर पाठवा आन् झोपा." झोप कसली येते! पण त्याने कळंबोलीला डिझेल घेऊन माणूस उभा केला. फायटो (माल कीड-रोगमुक्त असल्याचा दाखला) आणि शिपिंग बिल (निर्यातीचा कस्टमचा कागद) आधीच तयार होतं. कटऑफच्या, म्हणजे बंदरात माल घ्यायच्या शेवटच्या वेळेच्या, चार तास आधी कंटेनर आत जाऊन विजेच्या प्लगला लागला. त्या वर्षी तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे जहाजं आफ्रिकेला वळसा घालत होती, म्हणजे प्रवास दोनेक आठवड्यांनी लांबलेला. घडाचा देठ तेवढे दिवस हिरवा ठेवायचा, त्यात बंदरात आणखी एक दिवस गेला असता तर संपलंच. पलीकडून टेंपरेचर लॉगरचा (कंटेनरमधलं तापमान नोंदवणाऱ्या यंत्राचा) आलेख आला, रेघ सरळ.

तिसऱ्या गाडीबरोबर मी स्वतः गेलो. तो पोरगा जासईचा. चहा पिताना समोरच्या कंटेनर यार्डाकडे बोट करून म्हणाला, "इथं आमचं भातशेत होतं." आजोबा १९८४च्या जानेवारीतल्या, जमीन संपादनाविरुद्धच्या आंदोलनात होते. घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के जमीन परत मिळाली ती त्या लढ्यामुळे, हे तो आजही छाती काढून सांगतो. १९८९ला बंदर सुरू झालं. आता भावाचे दोन ट्रेलर आहेत आणि हा एजंटाकडे. रस्त्याने पंक्चरवाले, जेनसेट दुरुस्तीवाले, पार्किंगवाले, वडापाव. आमच्या पेटीवर निर्यातदार म्हणून गटाचं नाव असतं, पण तिच्यावर जगणारे बरेच इथे आहेत.

आता बिल. प्रत्येक कंटेनरला 'इतर खर्च' म्हणून भलीमोठी रक्कम, पावती नाही. विचारलं तर मालक म्हणे, "सगळीकडे असंच असतं." दोनदा भांडल्यावर निम्मी झाली. मग आधी लावली कशाला? मालाच्या फोनला लगेच उत्तर, हिशोबाच्या मेसेजला नऊ दिवस.

पाचपैकी साडेतीन. पुढच्या हंगामातही काम यांनाच देऊ, पण दर आधी लेखी घेऊन. आणि पोराचा नंबर वेगळा घ्या, ऑफिसचा रात्री कोणी उचलत नाही.