साथीच्या काळात काय मागावं: रेशनचं धान्य की तयार थाळी?

पुन्हा साथ आलीच तर वस्तीसाठी आधी कशाचा आग्रह धरायचा, असं एका कार्यकर्त्या मैत्रिणीनं विचारलं. कोरोनात दोन्ही पाहून झालंय.

कागदपत्रं: गरीब कल्याण अन्न योजनेत माणशी महिन्याला ५ किलो धान्य फुकट मिळालं, पण रेशनकार्ड असेल तर. कार्ड गावी आणि माणूस भिवंडीत, म्हणजे हेलपाटे आले. राज्य सरकारच्या शिवभोजन थाळीला कार्ड लागत नव्हतं. १० रुपयांची थाळी २०२० च्या टाळेबंदीत ५ रुपयांवर आली, २०२१ च्या निर्बंधांत मोफत झाली.

खटपट: धान्य मिळालं तरी दळण, गॅस, तेल-मीठ आपलंच. थाळीत दोन चपात्या, भाजी, वरण, भात आयता. पण पोट एकाच वेळचं भरतं, आणि थाळ्या मोजक्या. उशीर केला की संपल्या.

टिकाऊपणात धान्य सरस. त्यामागे २०१३ चा अन्नसुरक्षा कायदा आहे, हक्कानं भांडता येतं. थाळी शासन निर्णयावर आणि निधीवर चालते.

चूल आणि कार्ड दोन्ही असलेल्या कुटुंबांसाठी धान्य मागा. नाक्यावरचे मजूर, एकटे राहणारे, रुग्णांचे नातेवाईक यांना थाळीच हवी. बिऱ्हाड आहे पण कार्ड नाही, त्यांचे अर्ज मात्र साथीची वाट न बघता आत्ताच भरून घ्या.