कुलधरा की खाभा? जैसलमेरजवळची दोन ओसाड गावे

जैसलमेरच्या मुक्कामात ओसाड गावांसाठी अर्धाच दिवस काढता येत असेल, तर गाडीचा चालक बहुधा न विचारताच कुलधऱ्याकडे वळतो. ते शहरापासून सुमारे १८ किलोमीटरवर आहे आणि समच्या वाळूच्या टेकड्यांकडे जाताना फारसा वळसा पडत नाही. खाभा त्याच्याही पुढे साधारण अर्ध्या तासावर आहे, आणि तिथे मुद्दामच जावे लागते. दोन्ही गावे पालीवाल ब्राह्मणांची होती.

कुलधऱ्यात सरळ आखलेल्या गल्ल्या, चारशेहून अधिक वास्तूंचे अवशेष, मंदिर आणि पायऱ्यांची विहीर पायी हिंडून पाहता येते. काही घरे दुरुस्त केलेली असल्यामुळे मूळ रचना लहान मुलांनाही समजते. मात्र इथे गर्दी असते आणि जैसलमेर संस्थानाचा दिवाण सालिमसिंह याच्या जाचाला कंटाळून, शाप देऊन गाव एका रात्रीत उठून गेल्याची कथा पदोपदी ऐकावी लागते. ब्रिटिश अधिकारी जेम्स टॉडने १८१५ च्या सुमारास इथे सुमारे २०० कुटुंबे आणि ८०० माणसे असल्याचा अंदाज दिला आहे, तर १८९० मध्ये ३७ माणसे उरल्याची नोंद सापडते. म्हणजे गाव हळूहळू रिकामे झाले. आटलेल्या विहिरी हे त्यामागचे एक मोठे कारण मानले जाते, काही अभ्यासक भूकंपाकडेही बोट दाखवतात, आणि कराचा जाच त्यात भर घालणारा असू शकतो. शापात रमणारे वाटाडे विहिरीपाशी मात्र क्वचितच रेंगाळतात.

खाभ्यात घरांमधून फिरण्यापेक्षा किल्ल्याच्या तटावर उभे राहावे. छपरे गेलेली घरे, वाडगी आणि वाटा खाली नकाशासारख्या पसरलेल्या दिसतात, माणसे थोडी असतात आणि सकाळी मोरही दिसतात. पालीवालांची खरी कर्तबगारी मात्र या परिसरातल्या खडिनांत आहे. उताराच्या तळाशी लांब मातीचा बांध घालून पावसाचे पाणी अडवायचे, ते जमिनीत मुरू द्यायचे आणि त्या ओलीवर रब्बीचा गहू-हरभरा घ्यायचा, ही पद्धत आपल्याकडच्या शेतांतल्या ताली (बांध) पाहिलेल्याला लगेच उमगेल.

सोबत वयस्कर मंडळी असतील किंवा संध्याकाळी समला पोहोचायचे असेल, तर कुलधरा पुरेसा आहे. इतरांना मी खाभा सुचवेन. दोन्ही पाहायची असतील, तर उजाडताच आधी खाभा गाठावा आणि परतताना कुलधरा करावा, कारण सावली दोन्हीकडे जवळपास नाही आणि मार्चनंतर दुपारी दगड हात लावू देत नाहीत.