‘आय सेव्हन’ या दोन शब्दांवर घेतलेला संगणक

अकरा वर्षे वापरलेला माझा डेस्कटॉप संगणक बदलण्याचे मी ठरवले, त्याला निमित्त झाले विंडोज १० चे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी त्याची नियमित सुरक्षा अद्यतने थांबणार होती आणि विंडोज ११ साठी इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर व टीपीएम २.० ही सुरक्षा व्यवस्था लागते, जी माझ्या जुन्या यंत्रात नव्हती. मुदत जवळ आल्यामुळे मी घाईत होतो आणि ही घाई मी विक्रेत्याला बोलून दाखवली, ही माझी पहिली चूक.

विक्रेत्याने जोडणी करून दिलेला संगणक सुचवला: आय सेव्हन प्रोसेसर, १६ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी (माहिती साठवणारा वेगवान भाग), ४ जीबी ग्राफिक्स कार्ड, ५०० वॅटचा एसएमपीएस (सर्व भागांना वीज पुरवणारा डबा) आणि विंडोज ११. माझ्या जुन्या संगणकात आय फाइव्ह होता, त्यामुळे एक पायरी वर जात आहोत असे मला मनापासून वाटले. काचेच्या बाजूचे कोरे कॅबिनेट, आत फिरणारे रंगीत दिव्यांचे पंखे आणि मदरबोर्डचा, म्हणजे सगळे भाग जिच्यावर बसतात त्या मुख्य पट्टीचा, सीलबंद खोका पाहिल्यावर आतला प्रोसेसर कोणता हे विचारण्याचे मला सुचलेच नाही. जुना संगणक मी त्याच दिवशी देऊन टाकला.

पहिले काही आठवडे तक्रारीला जागा नव्हती. एसएसडीमुळे संगणक झटपट सुरू होत असे आणि पत्रव्यवहार, हिशेब यांसारखी कामे सुरळीत चालत. पुढे एका व्हिडिओचे संपादन करताना तो एकाएकी बंद पडू लागला, तेव्हा मी विंडोजमधला टास्क मॅनेजर हा प्रोग्रॅम उघडून ‘परफॉर्मन्स’ या भागात गेलो. उजवीकडे वरच्या कोपऱ्यात प्रोसेसरचे पूर्ण नाव होते: इंटेल कोअर आय सेव्हन २६००. हा दुसऱ्या पिढीचा प्रोसेसर २०११ च्या जानेवारीत बाजारात आला. माझ्या जुन्या संगणकातला आय फाइव्ह ४५७० हा २०१३ चा होता. म्हणजे ‘नवा’ म्हणून पैसे मोजून मी घरी आणला तो प्रोसेसर, मी देऊन टाकलेल्या प्रोसेसरपेक्षा दोन वर्षांनी जुना होता. हे समजल्यावर मी बराच वेळ त्या नावाकडे नुसता पाहत राहिलो.

आय थ्री, आय फाइव्ह, आय सेव्हन ही नावे एकाच पिढीतल्या प्रोसेसरांची आपसांतली प्रतवारी सांगतात. पिढी कोणती हे त्यापुढच्या आकड्यावरून ओळखायचे असते. २६०० मधला पहिला २ म्हणजे दुसरी पिढी, ४५७० मधला ४ म्हणजे चौथी, आणि १२१०० मधले १२ म्हणजे बारावी. बाराव्या पिढीचा आय थ्री हा दुसऱ्या पिढीच्या आय सेव्हनपेक्षा कितीतरी वेगवान आहे. मदरबोर्ड खरोखर कोरा होता, पण तो ११५५ सॉकेटचा (सॉकेट म्हणजे प्रोसेसर बसवण्याची जागा) असल्याने त्यावर तिसऱ्या पिढीच्या पुढचा कोणताही कोअर प्रोसेसर बसत नाही आणि रॅमही डीडीआर ३ या जुन्या प्रकारचीच लागते. म्हणजे पुढे एखादा भाग बदलून सुधारणा करण्याची वाटही बंद होती. विंडोज ११ तर पात्रतेची तपासणी वगळून बसवले होते. अशा संगणकाला अद्यतने मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, आणि मी सारा खर्च केला होता तो त्या अद्यतनांसाठीच.

बाकीचे भागही त्याच जातीचे निघाले. ग्राफिक्स कार्डात ४ जीबी मेमरी होती हे खरे, पण कार्ड २०१४ चे जीटी ७३० होते. क्रिस्टलडिस्कइन्फो या मोफत प्रोग्रॅममध्ये एसएसडी आधीच हजारो तास चालल्याची नोंद दिसली. एसएमपीएसवर मोठ्या अक्षरांत ५०० वॅट छापले होते, मात्र त्याच्याच बाजूच्या तक्त्यात १२ व्होल्टच्या रांगेसमोर १६ अँपिअर लिहिले होते. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड मुख्यतः याच १२ व्होल्टच्या पुरवठ्यावर चालतात, आणि १२ गुणिले १६ म्हणजे फक्त १९२ वॅट. संगणक मध्येच बंद का पडत होता, याचा माझ्यापुरता उलगडा त्या तक्त्यापाशी झाला.

मी बिल घेऊन विक्रेत्याकडे गेलो. त्याने शांतपणे बिल माझ्यापुढे सरकवले. त्यावर ‘आय सेव्हन डेस्कटॉप, १६ जीबी, ५१२ एसएसडी, ४ जीबी ग्राफिक्स, १ नग’ एवढेच होते आणि त्यातला एकही शब्द खोटा ठरत नव्हता. ‘नवा’ हा शब्द तो तोंडी अनेकदा बोलला होता. कागदावर तो कुठेच नव्हता. पैसे परत मिळाले नाहीत.

आता मी पुन्हा संगणक शोधत आहे. पहिले दरपत्रक आले त्यात ‘आय फाइव्ह, १६ जीबी, नवीन’ असे लिहिले होते. ते मी परत पाठवले असून प्रोसेसर, मदरबोर्ड, एसएसडी, ग्राफिक्स कार्ड व एसएमपीएस यांचे पूर्ण मॉडेल क्रमांक, रॅमचा प्रकार आणि प्रत्येक भागापुढे ‘कोरा’ की ‘वापरलेला’ हे लिहून मागितले आहे. टास्क मॅनेजर माझ्यासमोर उघडून दाखवल्याशिवाय पैसे देणार नाही, हेही त्याच पत्रात कळवले आहे.