नौपाड्यातला बुरशीचा वर्ग: साडेतीन तारे

बुरशींची जनुकं कशी जोडली जातात आणि कशी तुटतात, यावरचा हा वर्ग. मी घरी पाव करते. यीस्टही बुरशीच, तेव्हा तिच्याबद्दल चार गोष्टी कळतील एवढ्याच आशेने घणसोलीहून लोकल पकडून गेले. फी ५०० रुपये, वेळ दोन तास. दुसरा मजला आणि लिफ्ट नाही. अर्धा तारा माझ्या गुडघ्यांनी तिथेच कापला.

पण शिकवणाऱ्या बाई खाशा! हातात मण्यांच्या माळा घेऊनच आल्या. ई. कोलाय जिवाणूत ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल बनवायच्या शेवटच्या पायरीला दोन जनुकं लागतात. यीस्टमध्ये त्या दोन्हींचं काम टीआरपी५ हे एकच जनुक करतं. बाईंनी मधली गाठ सोडवून दोन माळांची एक माळ ओवून दाखवली. मग आलं एआरओ१ हे यीस्टचं दुसरं जनुक. जिवाणूत पाच वेगळी विकरं (एन्झाइम) करतात ती कामं यीस्टमध्ये एकाच लांबलचक प्रथिनात. “पाच गाळे पाडून एक मॉल,” मागचे काका पुटपुटले. बाई म्हणाल्या, फायदा असा की पाचही भाग आपोआप सारख्याच संख्येने तयार होतात. हे मला पटलं, इडलीपात्रासारखं.

तक्रार आहे ती जनुकं तुटण्याच्या, म्हणजे एकाची दोन होण्याच्या, भागाबद्दल. मेदाम्लं बनवणारा पसारा मक्यावरच्या काणी बुरशीत एका जनुकात, तर यीस्टमध्ये दोन जनुकांत. मग आधी एक होतं की दोन? त्यासाठी बुरशींची वंशावळ मांडून नात्यागोत्यातल्या इतर जातींत काय आहे ते बघावं लागतं, इतकं सांगेपर्यंत वेळ संपला. खरी गंमत तिथेच होती. छापील कागद पुसट, पंखा एकच. चहा मात्र आल्याचा, दोनदा.