गाठ न मारता दोर सांधायला शिकवणारे दुकान

सांगलीच्या गणपती पेठेत दोर, सुतळी आणि ताडपत्री मिळणारी दुकाने पुष्कळ आहेत. त्यांपैकी एका जुन्या दुकानात मात्र गिऱ्हाइकाची इच्छा असेल तर त्याला दोर सांधायलाही शिकवतात. शिकवणीचे वेगळे पैसे घेत नाहीत, सरावापुरता दोर तेवढा विकत घ्यावा लागतो. दुपारी वर्दळ कमी असताना जावे, म्हणजे दुकानातले मामा शेजारी बसवून निवांत शिकवतात.

त्यांची पद्धत मला मनापासून आवडली. सुरुवात अंगठ्याएवढ्या जाड, तीन पेडी घायपाताच्या दोराने होते, कारण त्याचा पीळ स्पष्ट दिसतो आणि ओवलेला पेड सहसा निसटत नाही. टोकाचे पेड वीतभर उकलायचे, प्रत्येकाच्या टोकाला चिकटपट्टी गुंडाळायची, दोर वळवून हवा तेवढा डोळा, म्हणजे टोकाचा गोल वळसा, धरायचा आणि मग लाकडी टोच्याने मूळ दोराचा पीळ किंचित उघडून, एका पेडावरून व पुढच्या पेडाखालून, पिळाच्या उलट दिशेने एकेक पेड ओवत जायचे. पहिले दोन पेड सहज बसतात; तिसऱ्यासाठी दोर उलटा करावा लागतो आणि नेमकी तिथेच दिशा चुकते. मामा त्या वेळी स्वतः हात लावत नाहीत. "तीन फटींतून एकेकच पेड बाहेर आलाय का बघा. एकीतून दोन आले असतील तर उकला आणि परत घाला," एवढेच सांगून ते थांबतात. तिन्ही पेड एकेकदा ओवून झाले की एक फेर होतो; प्रत्येक फेरानंतर तिन्ही पेड सारखे आवळायला लावतात आणि शेवटी सांधा पायाखाली रगडून घेतात, त्यामुळे पेड आपापल्या जागी बसतात.

हा खटाटोप व्यर्थ नाही. गाठीत दोर एकदम वाकतो, सगळा ताण थोड्या धाग्यांवर येतो आणि गाठीच्या प्रकारानुसार दोराची ताकद तिसऱ्या हिश्शापासून निम्म्यापर्यंत घटते. नीट घातलेल्या सांध्यात मात्र साधारण ९० टक्के ताकद टिकते, कारण ताण वाढेल तसे पेड एकमेकांना अधिक घट्ट धरतात. कृष्णेवर होडी बांधणाऱ्याला किंवा बोअरमध्ये मोटर सोडणाऱ्याला हा फरक लहान वाटणार नाही.

उणीव एकच, पण महत्त्वाची आहे. येथे सारे शिक्षण घायपातावर आणि तीन फेरांवर संपते, तर आज गोठ्यातल्या दाव्यापासून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीपर्यंत बहुतेक ठिकाणी नायलॉनच वापरला जातो. तो गुळगुळीत असल्यामुळे तीन फेरांचा सांधा ताणाखाली सरकू शकतो. त्याला निदान पाच फेर हवेत. शिवाय दोन दोर जोडण्याचा आखूड सांधा जाड होतो आणि कप्पीत अडकतो. कप्पीवरून जाणारा लांब सांधा येथे आपणहून कोणी शिकवत नाही. मामांना दोन्ही उत्तम येते, विचारले तर ते आनंदाने दाखवतात. म्हणून जाताना घरचा नायलॉनचा दोर बरोबर न्यावा आणि काय शिकायचे आहे ते बसण्याआधीच सांगावे.