रिपोर्ट खरा, कुत्रा दुसराच

डोबरमनची मादी असेल आणि यंदा मेटिंग करायचा विचार असेल, तर हे वाचा. नाशिकच्या आडगावच्या पुढे एकांकडे स्टड, म्हणजे मेटिंगसाठी दिला जाणारा नर, आहे. तक्रार दिलीय, त्यामुळे नाव लिहीत नाही. नर देखणा, केसीआयचे (केनेल क्लब ऑफ इंडिया) वंशावळीचे पेपर स्वच्छ, शोमध्ये मिळालेले कप शोकेसमध्ये ओळीने मांडलेले. व्यवहार असा ठरला: पंचवीस हजार रोख आणि होणाऱ्या पिल्लांतलं पहिलं पिल्लू त्याचं.

मी आधी एकच विचारलं होतं, नराचं हार्ट तपासलंय का? डोबरमनमध्ये डायलेटेड कार्डिओमायोपॅथी घराण्यात चालत येते. हृदयाचा स्नायू ढिला पडतो, कप्पे रुंदावतात. युरोपातल्या डोबरमनांचा २०१० साली प्रसिद्ध झालेला अभ्यास आहे, त्यात हे प्रमाण ५८ टक्क्यांच्या घरात निघालं. कुत्रा वर्षानुवर्षं धावतो, जेवतो, दारावर भुंकतो, आणि काहींच्या बाबतीत पहिलं लक्षणच अचानक मरण असतं. आई-बापांपैकी एकाकडून आला तरी हा आजार पिल्लांत उतरू शकतो. म्हणूनच माझ्या मादीचं मी मुंबईला नेऊन इको (हृदयाची सोनोग्राफी) आणि २४ तासांचं होल्टर (अंगावर बांधून ठोके सतत नोंदवणारं यंत्र) दोन्ही करून घेतलं होतं. छातीवरचे केस भादरून पट्ट्या चिकटवतात आणि वरून जाकीट घालतात. बाईसाहेब रात्रभर ते यंत्र अंगावर घेऊन सोफ्याखाली घुसायला बघत होत्या, मी शेपटीकडून ओढत होते.

"ताई, इकोचा रिपोर्ट आहे ना, मुंबईच्या डॉक्टरांचा. अजून काय पाहिजे?" असं म्हणून त्याने कागद पुढे केला. लेटरहेड, सही, शिक्का, अलीकडची तारीख, शेवटी सगळं नॉर्मल. होल्टरचं विचारलं तर त्याने ईसीजीची एक पट्टी दाखवली. ईसीजी काही मिनिटांचा असतो. वेळेआधी पडणारे जादा ठोके त्या मिनिटांत पडले नाहीत, तर पट्टी स्वच्छच दिसणार. दिवसभरात असे तीनशेच्या वर ठोके निघाले तर डॉक्टर आजार धरून चालतात, आणि ते मोजायला होल्टरच लागतं. मी होल्टर करून घ्या म्हटलं. "मेटिंग झाल्यावर करू," म्हणाला. मादी हीटवर (माजावर) होती, दिवस निघून चालले होते. त्याला ते बरोबर माहीत होतं.

पिल्लं झाली, घरोघरी गेली. पुढे गंगापूर रोडवरच्या एका डोबरमनवाल्यांशी गप्पा मारताना त्यांनी त्यांच्या पिल्लाच्या बापाचा रिपोर्ट दाखवला. माणूस तोच, पण नर दुसरा. मी माझ्याकडचा कागद शेजारी ठेवला. इकोच्या चित्राच्या कोपऱ्यात यंत्र वेळ छापतं. दोन्हीकडे ११:४२:०७. मापंही दशांशापर्यंत सारखी. नाव आणि वय तेवढं बदललेलं, आणि बदलायचं राहून गेलेलं वजन दोन्हीकडे २८ किलो. माझ्या मादीला ज्याने लावलं तो नर सहज चाळीसच्या पुढे असेल.

मुंबईच्या डॉक्टरांना फोन केला. त्यांच्या नोंदवहीत त्या तारखेला, त्या वेळेला एका मादीचा इको झालेला होता. या दोन्ही नरांची नावंच तिथे नव्हती.

आता त्या नराचं हृदय ठणठणीत असेलही. मला माहीत नाही, आणि त्याच्या मालकालाही नाही. तपासणीची तयारी त्याने आजतागायत दाखवलेली नाही. पोलीस चौकीत आधी हसले, "मॅडम, कुत्र्याच्या लग्नात फसवणूक?" मग दोन्ही कागद शेजारी ठेवल्यावर भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम ३१८ निघालं आणि अर्ज घेतला.

मला सगळ्यात जड गेलं ते पिल्लं घेतलेल्या घरी फोन करणं. त्यांना सांगितलं, दोन वर्षांची झाली की दरवर्षी इको आणि होल्टर करा, एकदा नॉर्मल आलं म्हणून थांबू नका, कारण हा आजार उशिरा दिसतो. एकांनी विचारलं, डीएनए टेस्ट केली तर? करा, पण ती स्वच्छ आली तरी होल्टर सुटत नाही. सगळी जनुकं अजून सापडलेली नाहीत.

स्टडचा रिपोर्ट हातात आला की आधी मायक्रोचिपचा (कुत्र्याच्या कातडीखाली बसवतात ती ओळखीची चिप) पंधरा आकडी नंबर बघा. माझ्याकडच्या कागदावर ती जागा रिकामी होती. नंबर असेल तर स्कॅनर नराच्या मानेवर फिरवून जुळवा, आणि त्याच वेळी डॉक्टरांना फोन लावा. मालक चिडला तर चिडू दे. केसीआयचा पेपर वंशावळ सांगतो, हृदयाचं काही सांगत नाही.

अर्ज दिल्यानंतर त्याचा मेसेज आला, "ताई, पंचवीस परत करतो, विषय मिटवा." त्याच्या वाट्याचं पिल्लू मात्र त्याने जळगावकडे विकलंय, असं कळलं. सोबत बापाचा तोच रिपोर्ट दिलाय, आणि माझ्या मादीच्या खऱ्या रिपोर्टची झेरॉक्ससुद्धा. ते पिल्लू तुमच्याकडे असेल, तर फाईल काढून बापाचं वजन वाचा आणि मला कळवा.