माल बांधावर, पैसे हातावर

दोन वर्षांपूर्वीच्या दिवाळीत माझं पहिलं पुस्तक निघालं. निवृत्त मास्तराचा कथासंग्रह, पदरचे पैसे घालून 500 प्रती. दिवाणाखाली गठ्ठे आणि फेसबुकवर मुखपृष्ठाचा फोटो. तिसऱ्याच दिवशी फोन. ‘सर, तुमच्यासारखं लेखन वाचकांपर्यंत पोचत नाही, याचं वाईट वाटतं हो.’ इतकं गोड मला साठ वर्षांत कुणी बोललं नव्हतं. खरं तर तिथेच शंका यायला हवी होती.

पुस्तकाच्या प्रसिद्धीचं पॅकेज 38,000 रुपयांचं. त्यात ‘आयएसबीएनची सरकारी फी’ म्हणून 4,500. आयएसबीएन म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक. आमच्या छापखान्याने पुस्तक त्या क्रमांकाशिवायच छापलं होतं, म्हणून मी मान डोलावली. हा क्रमांक राजा राममोहन रॉय नॅशनल एजन्सी देते आणि त्याचा एक पैसाही घेत नाही, लेखकाने स्वतः अर्ज केला तरी. बिलाची पीडीएफ आली, तिच्यावर जीएसटी क्रमांकही होता. तो 13 अक्षरी निघाला. असतो 15 अक्षरी. पण मोजला कधी? पैसे गेल्यावर. पैसेही कंपनीच्या नव्हे, कुणा बाईच्या खात्यात यूपीआयने पाठवले होते. वर ‘पुण्यातल्या दुकानांत ठेवायला’ 200 प्रती पार्सल केल्या.

मग एका रात्री स्क्रीनशॉट आला: माझं ई-बुक ‘बेस्टसेलर नंबर 1’. बायकोने पेढे वाटले. अ‍ॅमेझॉनवरचं हे स्थान प्रत्येक उपविभागाचं वेगळं असतं आणि तासातासाला बदलतं. सुन्या उपविभागात पुस्तक टाकून चार-पाच प्रती एकदम विकत घेतल्या की काही वेळापुरता कुणीही पहिला. माझ्या ग्रामीण कथा कुठल्या विभागात होत्या, ते सांगायची लाज वाटते. प्रवासवर्णन. विकत घेतलेले चाळीस अभिप्रायही महिनाभरात काढून टाकले गेले, कारण पैसे देऊन अभिप्राय लिहवून घेणं तिथे नियमाविरुद्धच आहे. त्यानंतर फोन बंद. पुण्याच्या पत्त्यावर भाचा जाऊन आला. तिथे झेरॉक्सचं दुकान होतं.

हे सगळं निफाडच्या दाजींना सांगितलं. त्यांची चार एकर द्राक्षबाग. ते आधी हसले, मग म्हणाले, ‘मास्तर, व्यापारी बांधावर आला की आम्ही काय करतो?’ मी गप्प. ‘त्याचं नाव-गाव, आधार, मागच्या वर्षी कुणाचा माल उचलला ते विचारतो. तो मण्याची साखर मोजतो, आम्ही त्याला मोजतो. आणि गाडी पैशाशिवाय हलत नाही.’ हे शहाणपणही फुकटचं नाही. एका हंगामात त्यांचा दोन लाखांचा चेक वटला नव्हता, व्यापारी रातोरात परागंदा.

एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची फळछाटणी, डावणी या बुरशीरोगावरची फवारणी, पुढे चार महिने आभाळाकडे डोळे. इतका जीव लावलेला माल तो माणूस अनोळखी माणसाला देत नाही. मी चार वर्षं लिहिलेल्या कथा फोनवरच्या आवाजाला दिल्या. दाजींची विरळणीची गोष्ट मला जास्त लागली. वेलीवरचे चांगले घडसुद्धा काढून टाकतात, तेव्हा उरलेले फुगतात. मला मात्र पुस्तक एकदम सगळीकडे हवं होतं.

1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार केली, पण तीन महिन्यांनी. पैसे गेल्या गेल्या कळवलं असतं तर खात्यातली रक्कम गोठवता आली असती, असं पोलिसांनी सांगितलं. तुमच्यावर वेळ आली तर त्याच दिवशी फोन लावा, लाजत बसू नका. मी लाजत बसलो होतो.

त्यानंतर मी तीसच वाचक निवडले. सार्वजनिक वाचनालयात भेटणारे, दोन भिशी मंडळं, जुने विद्यार्थी. प्रत हातात दिली, महिन्याने जाऊन विचारलं. गोदाघाटावरच्या वसंत व्याख्यानमालेला पिशवीत पाच प्रती घेऊन गेलो, दोन खपल्या. वर्षभरात 140 गेल्या, सगळ्या रोखीने. हे फार नाही, पण कोणती प्रत कुणाकडे आहे ते मला माहीत आहे.

उरलेल्या 160 प्रती दाजींनी दिलेल्या द्राक्षांच्या क्रेटमध्ये आहेत. काल त्यांचा निरोप आला, जानेवारीत माल निघतोय, त्याआधी क्रेट रिकामे करून पाठवा.